जुन्नरच्या डोंगरउतारावरील लाल वाइनची द्राक्षे: लहान बाग, परवडणारी बाटली

पुणे शहरात विकली जाणारी देशी लाल वाइन बहुतेक नाशिकची असते. त्यामुळे वाइन म्हटले की नाशिक, असे समीकरण झाले आहे. पण महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइन उद्योगाची सुरुवात पुण्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला झाली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने शातो इंडाज ही वायनरी उभी केली. तिथली फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही गेली. नाशिकमध्ये या धंद्याने खरा जोर धरला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क झाले. वायनऱ्या भराभर वाढल्या आणि त्यांच्यासाठी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा लावल्या. मग २००८ नंतर मंदी आली, साठे पडून राहिले आणि अनेक वायनऱ्यांनी माल उचलणे बंद केले. नारायणगावची जुनी वायनरीही आर्थिक अडचणीत येऊन पुढे बंद पडली. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत चालत नाही. मणी बारीक, साल जाड, आत दोन-तीन बिया. ग्राहक ते हातातही घेत नाही. बेदाणाही त्याचा होत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे पक्का करार नव्हता त्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. हा इतिहास जुन्या बागायतदारांच्या अजून लक्षात आहे. नव्याने लागवडीचा विचार करणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

या लेखात जुन्नर, आंबेगाव या भागातील डोंगरउतारावर एक ते तीन एकरांत लाल वाइनची द्राक्षे कशी घ्यावीत, त्यातून सामान्य ग्राहकाला परवडेल अशी वाइन कशी निघते आणि यात शेतकऱ्याच्या हाती काय उरते, याची माहिती दिली आहे.

थंड हवामान म्हणजे नेमके काय?

जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा उत्तर इटलीतल्या डोंगरी भागांना थंड हवामानाचे वाइन प्रदेश म्हणतात. तिकडे वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात फुटते आणि हवा थंड होत जाताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ पिकते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. आपण तिला एप्रिलच्या खरड छाटणीने आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीने वर्षातून दोनदा फोडतो. त्या अर्थाने महाराष्ट्रातला कोणताही भाग थंड हवामानाचा वाइन प्रदेश नाही, आणि जाहिरातीत तसे लिहिलेले असले तरी त्यावर फार विसंबू नये.

मात्र आपल्याकडे एक सोय आहे. फळछाटणी योग्य वेळी साधली तर मण्यांची वाढ आणि रंग भरण्याचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बऱ्याचदा १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, कडाक्याच्या थंडीत त्याहून खाली जाते. दिवसा ते २८-३० अंशांपर्यंत चढते. दिवस-रात्रीतला हा फरक लाल द्राक्षांना फार मानवतो. रात्र थंड असली की वेल श्वसनात आम्ल कमी जाळते आणि सालीत लाल-जांभळा रंग चांगला साठतो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की उलटे होते: साखर झपाट्याने वाढते, आम्ल उतरते, रंग फिका पडतो. म्हणून या भागात जागा निवडण्याइतकेच छाटणीची तारीख निवडणे महत्त्वाचे आहे.

जागेबद्दल एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ‘डोंगर’ म्हणजे घाटमाथा नव्हे. नाणेघाट, माळशेजच्या बाजूला पावसाळा धो धो असतो. जमीन महिनोन्‌महिने वाफशाला येत नाही. तिथे भात, नाचणी, हिरडा हीच खरी पिके. द्राक्षासाठी हवा तालुक्याचा पूर्व भाग, म्हणजे नारायणगाव, वारूळवाडी, येडगाव या पट्ट्यातले पर्जन्यछायेतले उतार. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी इथे पोचते आणि मुरमाड, हलकी, निचऱ्याची जमीन मिळते. नदीकाठची काळी कसदार जमीन उसाला द्यावी. वाइनच्या वेलीला तिथे नुसती पाने फुटतात.

उतार, मांडणी आणि लागवड

युरोपातल्या थंड प्रदेशात ऊन कमी म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेला उतार शोधतात. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, तेव्हा पूर्व किंवा ईशान्येकडे तोंड असलेला उतार बरा. सकाळचे ऊन लवकर मिळते, दव लवकर वाळते आणि दुपारचा तडाखा कमी बसतो. उताराच्या अगदी तळाशी, ओढ्याच्या खोलगटात बाग लावू नये. थंड हवा जड असते, ती रात्री खाली सरकून तिथे साचते; सोबत धुके आणि दव, आणि मग भुरी आणि केवडा. मधल्या टप्प्यातली जमीन सर्वांत चांगली.

सौम्य उतारावर समपातळी रेषेवर ओळी घ्याव्यात. उतार तीव्र असेल तर पायऱ्या पाडाव्या लागतात. त्यात खर्च बराच होतो आणि वरची माती खाली दबते, म्हणून वरचा थर बाजूला काढून ठेवावा आणि पायरी तयार झाल्यावर परत पसरावा. ठिबक बसवताना दाबनियंत्रित ड्रिपरच वापरावेत. साध्या ड्रिपरने खालच्या ओळींना पाणी जास्त आणि वरच्या ओळींना कमी मिळते, मग एकाच प्लॉटमध्ये दोन प्रकारची द्राक्षे पिकतात आणि वायनरी सगळ्याच मालाला कमी प्रतीचा दर लावते.

अंतर ८ फूट बाय ४ फूट ठेवले तर एकरी सुमारे १,३६० वेली बसतात. खाण्याच्या द्राक्षासारखा मोठा मांडव किंवा रुंद वाय लागत नाही. उभ्या तारांचा मांडव, ज्यात एका ओलांड्यावरून फुटी सरळ वर बांधल्या जातात, तो पुरेसा आहे आणि त्याला लोखंडही कमी लागते. मात्र आपल्या उन्हात पश्चिमेच्या बाजूचे घड उघडे पडून भाजतात. म्हणून घडांजवळची पानांची विरळणी फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूने करावी. दुपारच्या बाजूची पाने राहू द्यावीत.

खुंटाच्या बाबतीत जरा थांबून विचार करावा. आपल्याकडे बहुतेक बागा डॉग्रीज खुंटावर आहेत, कारण तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो. पण तो फार जोमदार वाढतो आणि जमिनीतला पोटॅशही जास्त ओढतो. लाल वाइनला याचा तोटा होतो. कसा, ते पुढे येईल. ११० आर हा मध्यम वाढीचा खुंट मुरमाड उतारासाठी विचारात घ्यावा. माती आणि पाणी तपासल्याशिवाय खुंट ठरवू नये. खुंट रोपे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लावली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरले, तर साधारण दोन वर्षांनी पहिला थोडा माल हाती येतो. पूर्ण उत्पन्नाला तीन ते चार वर्षे धरावीत. या काळातला खर्च कुठून करणार, हा प्रश्न बँकेत जाण्याआधी घरात विचारावा.

जाती

शिराझ ही या भागात सर्वांत भरवशाची लाल जात आहे. रंग भरपूर, उत्पादन बरे, वाइन लवकर पिण्याजोगी होते. फळछाटणीपासून काढणीपर्यंत तिला सुमारे १४० ते १५० दिवस लागतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ अजून आठ-दहा दिवस घेते, घड लहान, साल जाड. तिची वाइन तुरट असते आणि मुरायला वेळ मागते. म्हणजे पैसा अडकून राहतो. मर्लो, झिनफंडेल, टेंप्रानिलो याही जाती राज्यात आहेत. झिनफंडेलचे घड घट्ट असतात, एका मण्याला तडा गेला तर आतून कुज सुरू होते. अवकाळी पावसाच्या वर्षात ती शेतकऱ्याला रडवते.

देशी संशोधनातले पर्यायही माहीत असावेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बारामती तालुक्यातील होळ येथील प्रक्षेत्रावर एआरआय-५१६ ही संकरित जात विकसित केली. कॅटावबा या अमेरिकी जातीचे रक्त तिच्यात असल्याने ती बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी तोंड देते, आणि ११० ते १२० दिवसांत तयार होते. रस, जाम, बेदाणा आणि लाल वाइन या सगळ्यांसाठी तिची शिफारस आहे, म्हणजे वायनरीने पाठ फिरवली तरी माल वाया जात नाही. लहान शेतकऱ्यासाठी ही गोष्ट मोलाची आहे. मात्र तिच्या वाइनचा स्वाद शिराझपेक्षा निराळा असतो, तेव्हा खरेदीदाराला आधी विचारावे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून मांजरी मेडिका ही जात दिली आहे. तिचा गरही रंगीत असतो. ती मुख्यतः रसासाठी आहे.

आमच्या मते एकरभराच्या पहिल्या बागेत शिराझच लावावी. दोन-तीन एकर असतील तर थोड्या ओळी दुसऱ्या जातीच्या घेण्याला अर्थ आहे.

छाटणीची तारीख

सगळे गणित इथे आहे. २० सप्टेंबरला फळछाटणी घेतली तर शिराझ फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तयार होते. रंग भरण्याचा काळ पूर्ण थंडीत जातो. पण परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये पोंगा आणि फुलोऱ्याच्या अवस्थेत गाठतो. केवड्याने एका आठवड्यात घड जळतात, गळ-कुज होते. छाटणी २० ऑक्टोबरपर्यंत लांबवली तर पाऊस टळतो, पण काढणी मार्चच्या मध्यावर जाते आणि शेवटचे तीन आठवडे उन्हाच्या तडाख्यात सापडतात. साखर २५ ब्रिक्सवर जाते, आम्ल राहत नाही. वाइन जड, गरम आणि बेचव होते.

सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबर हा मधला काळ बहुतेक वर्षी साधतो. ज्यांच्याकडे दोन-तीन एकर आहेत त्यांनी सगळी बाग एकाच दिवशी छाटू नये, आठवड्याच्या अंतराने दोन टप्पे करावेत. छाटणीआधी काडीतले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावेत. शिराझला तळाकडच्या डोळ्यांतही घड असतो, त्यामुळे आखूड छाटणी चालते, पण एप्रिलनंतर ढगाळ दिवस जास्त गेले असतील तर घडनिर्मिती कमी झालेली असते आणि अंदाज चुकतो.

एका वेलीवर २० ते २५ घडच राखावेत. शिराझचा घड साधारण १२० ते १५० ग्रॅमचा धरला तर वेलीला तीन किलो आणि एकरी चार टनांच्या आसपास माल येतो. खाण्याच्या द्राक्षात नऊ-दहा टन काढण्याची सवय असलेल्याला हा आकडा पाहून पोटात गोळा येतो. पण आठ टन काढले तर रंग विरळ होतो, ब्रिक्स लांबतो, आणि वायनरीच्या फाटकावर माल परत फिरतो. याच्या बदल्यात खर्चही कमी आहे. जिबरेलिक आम्लाच्या बुडवण्या नाहीत, मण्यांची विरळणी नाही, घडाला कागद लावणे नाही. मजुरीतली ही बचत हिशेबात नक्की धरावी.

पोटॅशची चूक

खाण्याच्या द्राक्षातून वाइनकडे आलेले शेतकरी ही चूक हमखास करतात. मण्यात पाणी उतरले की गोडी आणि चमक यावी म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश सोडायचे, फवारायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. वाइनच्या द्राक्षात जास्तीचा पोटॅश मण्याच्या सालीत साठतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, त्यामुळे तो सगळा रसात उतरतो, टार्टारिक आम्लाशी जोडला जाऊन तळाशी खडे धरतो आणि पीएच वर जातो. पीएच ३.४ ते ३.६ च्या दरम्यान असला तर रंग तेजस्वी आणि वाइन टिकाऊ राहते. तो ३.८ च्या पुढे गेला की रंग विटकरी होतो, चव सपाट होते, जिवाणूंना मोकळे रान मिळते आणि संरक्षक गंधकाचा डोस वाढवावा लागतो. वायनरी मग टार्टारिक आम्ल घालून दुरुस्ती करते आणि तो खर्च दरातून कापते.

तेव्हा फळछाटणीनंतर देठ परीक्षण करावे आणि कमतरता दिसली तरच पोटॅश द्यावा. मण्यात पाणी उतरल्यानंतर पोटॅश देणे टाळावे. डॉग्रीज खुंटावरील बागेत तर जास्तच जपावे. नत्रही याच काळात थांबवावे. पाणी मात्र एकदम तोडू नये. गरजेच्या निम्म्यापर्यंत हळूहळू आणावे. मुरमाड उतारावर पाणी पूर्ण बंद केले तर मणी सुकून सुरकुततात, आणि त्याला पिकणे म्हणत नाहीत.

रोग-किडी आणि फवारणीचा शेवट

केवडा, भुरी, करपा, फुलकिडे, उडद्या, पिठ्या ढेकूण ही यादी खाण्याच्या द्राक्षासारखीच आहे आणि फवारण्याही राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच घ्याव्यात. वाइनसाठी दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिली गंधकाची. भुरीसाठी गंधक स्वस्त आणि चांगले, पण ते मण्यावर राहिले तर आंबवताना यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइड करते आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो. काढणीच्या महिनाभर आधी गंधक बंद करावे. दुसरी तांब्याची. उशिरा केलेल्या बोर्डो फवारणीचे अंश यीस्टची वाढ रोखतात. फवारणीची वही वायनरीला दाखवावी लागते. ती रोजच्या रोज लिहावी, काढणीच्या आदल्या रात्री बसून नव्हे.

काढणी

मण्यात पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांनी तपासणी सुरू करावी. प्लॉटभर फिरून, दोन्ही बाजूंच्या, वरच्या-खालच्या घडांतून शंभर मणी घ्यावेत, पिशवीत चुरडून रस एकत्र करावा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहावा. एकाच मण्यावर ब्रिक्स मोजणे म्हणजे मनाची समजूत. परवडणाऱ्या, लवकर पिण्याच्या लाल वाइनसाठी २२ ते २३.५ ब्रिक्स, लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम आम्ल आणि ३.६ च्या आतला पीएच हे लक्ष्य ठेवावे. २३ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १३ टक्के मद्यार्काची वाइन होते. बी चावून पाहावे. हिरवे, कडवट असेल तर थांबावे. तपकिरी होऊन कुरकुरीत लागले की वेळ झाली.

काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवणे योग्य, कारण गरम द्राक्ष क्रेटमध्येच आंबू लागते. पण जुन्नरमध्ये हा सल्ला देताना जीभ अडखळते. उसाच्या फडांत बिबट्याचा वावर असलेल्या गावांत मजूर उजाडल्याशिवाय शेतात येत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे. उजाडल्यावर सुरू करावे, माणसे जास्त लावावीत आणि दहापर्यंत हात थांबवावेत. वीस किलोच्या क्रेटमध्येच माल भरावा. ट्रॉलीत ओतलेला माल खालून रस सोडतो. गाडी वायनरीत त्याच दिवशी पोचली पाहिजे.

वायनरीत काय होते

शेतकऱ्याने ही प्रक्रिया एकदा उभे राहून पाहावी, म्हणजे दर ठरवताना बोलता येते. द्राक्षे देठापासून वेगळी करून हलकी चुरडतात. शंभर लिटरला सुमारे ९ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, त्याने ५० पीपीएमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड मिळतो आणि रानटी जंतू दबतात. मग निवडक यीस्ट. २४ ते २८ अंशांवर सहा ते दहा दिवस आंबवण चालते. साली वर तरंगून जाड थर धरतात. तो दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीतच आहे. नंतर चोथा दाबून वेगळा करतात. दुसरे आंबवण जिवाणूंचे. त्यात तिखट मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल होते. गाळ बसला की वाइन वरून काढून दुसऱ्या टाकीत घेतात, असे दोन-तीनदा. लवकर पिण्याची वाइन स्टीलच्या टाकीतच सहा ते दहा महिने ठेवून बाटलीबंद होते.

एकरी चार टन मालातून, गाळ आणि घट वजा जाता, सुमारे अडीच हजार लिटर म्हणजे ३,३०० बाटल्या निघतात. तीन एकरांत दहा हजारांच्या आत-बाहेर. याला लहान उत्पादन म्हणतात.

परवान्याशिवाय वाइन बनवणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे; ‘घरच्यापुरती’ म्हणून सूट नाही. प्रयोग म्हणूनही करू नये. स्वतःची वायनरी काढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात आधी चौकशी करावी. दहा हजार बाटल्यांसाठी यंत्रे, टाक्या, शीतकरण आणि प्रयोगशाळा उभी करणे बहुतेकांना झेपत नाही. काही वायनऱ्या मोबदला घेऊन दुसऱ्याच्या द्राक्षांची वाइन करून देतात. पाच-सहा शेतकऱ्यांचा गट किंवा उत्पादक कंपनी असेल तर तो रस्ता आधी पाहावा. प्रक्रिया शिकायची असेल त्यांच्यासाठी मांजरीच्याच वसंतदादा साखर संस्थेत वाइन तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते.

स्वस्त बाटली, पण कोणाच्या जिवावर?

वायनरीचा खरेदी अधिकारी नेहमी म्हणतो, वाइन स्वस्त विकायची तर द्राक्ष स्वस्त हवे. हे कागदावर तपासून पाहू. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत; प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

एका बाटलीला सुमारे १.२ किलो द्राक्ष लागते. दर किलोला ४० रुपये धरला तर बाटलीत ४८ रुपयांचे द्राक्ष. काच, बूच, लेबल आणि खोके मिळून समजा ६० रुपये. आंबवण, वीज, मजुरी, तपासणी ५० रुपये. व्याज आणि घसारा ६० रुपये. वायनरीच्या दारात बाटली २१८ रुपयांना पडली. त्यावर वाहतूक, कर, वितरक आणि दुकानदाराचा नफा चढून दुकानात ती पाचशेच्या आसपास जाते. आता द्राक्षाचा दर ४० वरून ३० केला तर बाटलीमागे वाचतात १२ रुपये. पाचशेच्या बाटलीत ग्राहकाला ते जाणवणारही नाही. शेतकऱ्याचे मात्र एकरी ४० हजार रुपये गेले.

म्हणजे बाटली स्वस्त करायची तर ती दुसरीकडून करावी लागते. हलकी काच, बुचाऐवजी फिरकीचे झाकण, नव्या ओकच्या पिंपांना फाटा. ओकचे २२५ लिटरचे पिंप आयात करावे लागते, त्यात फक्त ३०० बाटल्या मावतात आणि तीन-चार वर्षांत त्याचा स्वाद संपतो. वाइन वर्षाच्या आत विकली तर व्याज वाचते. पुणे शहर तासा-दोन तासांवर आहे. वायनरीच्या आवारात परवान्याने थेट विक्री झाली तर मधल्यांचा हिस्सा वाचतो. शिराझसारखी लवकर तयार होणारी वाइन या सगळ्यात बसते, कॅबर्ने बसत नाही.

राज्याच्या वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेत वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के परतावा वायनरीला मिळतो. मध्यंतरी खंडित झालेली ही योजना २०२३ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. परतावा उशिरा आला की लहान वायनरीचे खेळते भांडवल अडकते, आणि मग पहिली थकबाकी द्राक्षाच्या पैशांची राहते. सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा जानेवारी २०२२ मधला निर्णय विरोधामुळे प्रत्यक्षात आला नाही. त्या आशेवर लागवड केली असेल तर पुन्हा विचार करावा.

करार करताना पुढील गोष्टी लेखी असाव्यात. कराराची मुदत बागेच्या आयुष्याशी जुळती, निदान सात-आठ वर्षांची. किमान दर आणि त्यावर प्रतीनुसार वाढ. ब्रिक्स, आम्ल, पीएच कोण, कुठे आणि कोणासमोर मोजणार. मोजमाप पटले नाही तर तिसऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याचा हक्क. काढणीची तारीख वायनरीने लांबवली आणि त्यात वजन घटले किंवा गारपीट झाली तर नुकसान कोणाचे. हे कलम बहुतेक मसुद्यांत नसते, आणि उशिरा काढणीचा फटका सगळा शेतकऱ्याला बसतो. पहिला हप्ता माल पोचल्याबरोबर, उरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला, आणि तारीख चुकली तर व्याज. यातले काहीच मान्य नसेल तर त्या जमिनीत खाण्याचे काळे द्राक्ष किंवा टोमॅटो घ्यावा. नारायणगावला दोन्हींची बाजारपेठ तयार आहे.

स्थानिक मार्गदर्शनासाठी ग्रामोन्नती मंडळाचे नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र जवळ पडते. माती, पाणी आणि देठ परीक्षणाची सोय आधी तिथे विचारावी. खुंट, जाती आणि कीडनाशकांच्या अद्ययावत शिफारशी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून घ्याव्यात.

वायनरीतून निघणारा चोथा शेतकऱ्याने परत मागून घ्यावा. चार टन मालामागे तो पाच-सहाशे किलो तरी निघतो. ताजा चोथा आंबट असतो, तो थेट वेलीच्या बुडाशी टाकू नये. शेण आणि पाचटासोबत थर देऊन तीन-चार महिने कुजवावा. त्यात पोटॅश बराच असल्याने तयार खत वाइनच्या बागेपेक्षा शेजारच्या टोमॅटोला किंवा केळीला जास्त उपयोगी पडते.